छोट्या ऑफिसच्या सर्व्हरसाठी कोणतं लिनक्स घ्यावं: उबंटू, डेबियन, अल्मा की रॉकी?

१०-१२ जणांचं ऑफिस, शेअर फोल्डर आणि टॅलीचा डेटा ठेवायचाय, असं तुम्ही लिहिलंय. डेबियन घ्या. प्रश्न वाचून जुनी खपली निघाली, म्हणून पुढचं लिहितोय.

इचलकरंजीत आमचा घरचा सुताचा व्यापार. २०१९ च्या दिवाळीत मी ऑफिसात डेबियन १० चं मशीन बसवलं. सिस्टीम छोट्या एसएसडीवर, डेटा २ टीबीच्या दोन डिस्कवर, मिरर करून, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा. वर सांबा, म्हणजे विंडोजच्या मशीनना फोल्डर शेअर करून देणारं सॉफ्टवेअर. लायसन्सला दमडी लागली नाही. हिशेब बघणारे आमचे दाजी तेव्हाच म्हणाले, "फुकटचं हाय, कवातरी रडवणार." त्यांना विंडोज सर्व्हर हवा होता, कारण तो विकणारा त्यांच्या ओळखीतला.

मार्च २०२२ चा शेवटचा मंगळवार. वर्षअखेरीची धांदल, आणि बिलिंगचा पोरगा ओरडला, "दादा, टॅलीत कंपनीच दिसंना!" लॉगिन केलं, मिररची तब्येत दाखवणारी एमडीस्टॅटची फाइल उघडली. चौकटी कंसात दोन चालू डिस्कचे दोन यू हवेत, तिथं एक यू आणि पुढं नुसती रेघ. म्हणजे एक डिस्क कधीच मेलेली, आणि उरलेली वाचताना धापा टाकत होती. दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच लॉटमधल्या घेतल्या होत्या. अक्कल माझीच.

दाजी मागं उभे. "बोललो नव्हतो?"

पण लॉगिन करताना स्क्रीनवर 'यू हॅव मेल' अशी एक ओळ आली होती. ती रोजच यायची, मी रोजच पुढं जायचो. त्या दिवशी पेटी उघडली, तर आत दीडशेच्या आसपास मेल, सगळ्यांचा मजकूर एकच: डिस्क गळालीय, मिरर अर्धा राहिलाय. पाच महिने ते मशीन रोज न चुकता सांगत होतं. फुकटच्या सिस्टीमनं काम चोख केलं होतं, मेल वाचणारा मी झोपलो होतो. दाजींना हे आजही पटत नाही.

डेटा वाचला तो मात्र दाजींमुळंच. दर शनिवारी यूएसबी डिस्कवर कॉपी काढून ते घरी तिजोरीत ठेवायचे, मी त्यांना हसायचो. सोमवार-मंगळवारच्या नोंदी बिलबुकावरून परत मारल्या, रात्री दोन वाजेपर्यंत.

तर, तुमचा प्रश्न. उबंटू घेणार असाल तर एलटीएसच, म्हणजे जास्त वर्षं अपडेट मिळणारी आवृत्ती, सम वर्षी एप्रिलमध्ये येतं, ५ वर्षं अपडेट मिळतात. डेबियनलाही ३ नेहमीची अधिक २ वाढीव अशी ५ वर्षं. अल्मा-रॉकीवाले १० वर्षांचं सांगतात, त्यात खोटं काही नाही. पण सेंटओएस ८, म्हणजे रेड हॅट कंपनीच्या विकतच्या लिनक्सची फुकट आवृत्ती, तीसुद्धा २०२९ पर्यंत चालेल असंच सगळे धरून होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की २०२१ च्या अखेरीला बंद. अल्मा आणि रॉकी जन्मले ते त्यातूनच, त्याची जागा घ्यायला. शिवाय दहा वर्षं अपग्रेड करायचंच नाही म्हटलं की करायचं कसं हेच माणूस विसरतो. दोन-तीन वर्षांनी एका रविवारी अपग्रेड करणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

हां, तुमचं एखादं सॉफ्टवेअर रेड हॅटवरच चालेल असं त्याच्या विक्रेत्यानं लिहून दिलं असेल, तर वरचं सगळं सोडा आणि अल्मा घ्या. आणि गावात तुमच्या हाकेला येणारा माणूस उबंटूवाला असेल तर उबंटू घ्या. माझं डेबियन रात्री दहाला दुरुस्तीला येणार नाही.

काहीही बसवलंत तरी रूटची, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याची, मेल तुम्ही रोज बघता त्या पत्त्यावर वळवा. मग एका डिस्कची वायर मुद्दाम काढा आणि मेल येते का बघा. आम्ही आता दर दिवाळीला काढतो. वायर दाजी ओढतात.