वाचकांचे प्रश्न : सोलापूरची सायकल आणि सोलापूरची रेल्वे

वाहतुकीच्या छंदाविषयी या खेपेस आलेल्या पत्रांपैकी बरीचशी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आली आहेत. ती लिहिणारे बहुतेक जण रोज सायकल चालवतात आणि त्यांना रेल्वेचीही तितकीच ओढ आहे. म्हणून या वेळचे सदर त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे.

प्रश्न : मी जुळे सोलापूर भागात राहतो आणि रोज सायकलने महाविद्यालयात जातो. इंजिनांची आवड लहानपणापासून आहे, पण रुळांच्या आसपास फिरणे धोक्याचे आहे असे घरचे सांगतात. गाड्या नीट पाहायच्या असतील तर कोठे थांबावे आणि काय टिपून ठेवावे?
(एक विद्यार्थी)

उत्तर : आपल्या घरच्यांची काळजी रास्त आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय दौंड ते वाडी मार्गाचे विद्युतीकरण झाल्यापासून डोक्यावर २५ हजार व्होल्टच्या तारा आहेत, त्यामुळे उड्डाणपुलावरून सेल्फी स्टिक किंवा कोणतीही काठी बाहेर काढणे जिवावर बेतू शकते. परंतु गाडी चांगली पाहण्यासाठी रुळांजवळ जावे लागतच नाही. फाटकाच्या बाहेरची जागा, उड्डाणपुलाचा पदपथ आणि दहा रुपयांच्या फलाट तिकिटावर दोन तास मिळणारा फलाट एवढ्या तीन ठिकाणांवर हा छंद आयुष्यभर जोपासता येतो. फलाटावर कॅमेरा काढण्यापूर्वी स्टेशन मास्तरांना विचारावे आणि लोको पायलटच्या (इंजिनचालकाच्या) दिशेने फ्लॅश कधीही मारू नये.

सायकल जवळ असलेल्या सोलापूरकराला मी होटगीला जाण्याचा आग्रह करीन. शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर असलेल्या या जंक्शनपासून एक मार्ग अक्कलकोट रोड, कलबुर्गी आणि वाडीकडे जातो, तर दुसरा विजयपूर, बागलकोट आणि गदगकडे वळतो. हा दुसरा मार्ग पूर्वी मीटरगेजचा, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेला होता आणि त्या काळी सोलापूर स्थानकातही दोन वेगवेगळ्या मापांचे रूळ शेजारी शेजारी दिसत असत. आज होटगी परिसरातील औष्णिक वीज केंद्रासाठी आणि सिमेंट कारखान्यांसाठी मालगाड्यांची ये-जा असते, त्यामुळे शहरातील फलाटावर प्रवासी गाड्या पाहून ज्याचे समाधान होत नाही त्याला येथे मालवाहतुकीचे खरे रूप दिसते. सकाळी लवकर निघावे, ऊन चढण्यापूर्वी परतावे.

टिपून काय ठेवावे, हा आपल्या प्रश्नाचा महत्त्वाचा भाग आहे. तारीख, ठिकाण, गाडीचा क्रमांक, इंजिनाचा वर्ग व क्रमांक, त्यावर रंगवलेले शेडचे (इंजिनाची देखभाल होते त्या ठिकाणाचे) नाव आणि गाडी किती वेळाने आली एवढे रोज लिहिले तरी पुरे. इंजिनाच्या वर्गातील अक्षरे समजून घेतली की पुष्कळ उलगडा होतो. ‘डब्ल्यूएपी ७’ मधील डब्ल्यू ब्रॉडगेजसाठी (रुंद मापाच्या रुळांसाठी), ए प्रत्यावर्ती (एसी) विजेसाठी आणि पी प्रवासी गाड्यांसाठी आहे; पी च्या जागी जी असेल तर ते मालगाडीचे इंजिन, आणि ए च्या जागी डी असेल तर डिझेलचे. डब्यावरच्या क्रमांकाचे पहिले दोन अंक साधारणपणे बांधणीचे वर्ष सांगतात, तर शेवटचे तीन अंक डब्याचा प्रकार सांगतात : २०१ ते ४०० असतील तर शयनयान, ४०१ ते ६०० असतील तर साधारण द्वितीय श्रेणी. एवढे माहीत असलेला माणूस सोलापूरच्या फलाटावर उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीतील डब्यांचे वय चालता चालता सांगू शकतो. वही कागदाचीच ठेवावी असे माझे मत आहे, कारण मोबाइल बदलला की त्यातल्या नोंदी बहुधा त्याच्याबरोबरच जातात.

प्रश्न : गाडीच्या शेवटच्या डब्यावर पिवळी फुली का असते?
(इयत्ता सातवीतील विद्यार्थिनी, मोहोळ)

उत्तर : तू फाटकावर थांबून हे बारकाईने पाहिलेस याचे कौतुक वाटते. ती फुली म्हणजे ‘गाडी येथे संपली’ अशी खूण आहे. गाडी स्थानकातून जाताना तेथील कर्मचारी शेवटच्या डब्याकडे मुद्दाम पाहतात; फुली, दिवसा लावलेली ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी किंवा रात्रीचा लुकलुकणारा लाल दिवा दिसला नाही, तर काही डबे तुटून मागे रुळावर राहिले असण्याची शक्यता धरली जाते आणि खात्री होईपर्यंत मागून दुसरी गाडी सोडली जात नाही. यापुढे फाटक उघडण्यापूर्वी तूही ती फुली पाहत जा.

प्रश्न : उन्हाळ्याच्या सुटीत प्रशिक्षणासाठी मला काही आठवडे पुण्यात राहायचे आहे. माझी साधी चोवीस इंची लेडीज सायकल रेल्वेने नेता येईल का? वंदे भारत गाडीतून नेता येईल का? घडीची सायकल घेतली तर सोयीचे होईल का?
(एक शिक्षिका, सात रस्ता परिसर)

उत्तर : आपली सायकल जरूर नेता येईल, मात्र डब्यात नव्हे. तिकिटाबरोबर मोफत नेता येणाऱ्या सामानाची सवलत सायकलीला लागू होत नाही, त्यामुळे तिची वेगळी नोंदणी करून ती ब्रेकव्हॅनमधून (गाडीच्या सामानाच्या डब्यातून) पाठवावी लागते. आपण स्वतः त्याच गाडीने जात असाल तर तिकीट दाखवून ती ‘लगेज’ म्हणून नोंदवावी. तिकीट नसेल तर तीच वस्तू ‘पार्सल’ म्हणून जाते आणि ती आपल्याच गाडीने पोहोचेल याची खात्री राहत नाही. नियमानुसार सामान गाडी सुटण्यापूर्वी किमान अर्धा तास लगेज कार्यालयात पोहोचले पाहिजे, पण प्रत्यक्षात तासाभराचा अवधी हाताशी ठेवावा, कारण वजन, पावती आणि खुणा करणे या सर्वांना वेळ लागतो.

गाडी निवडताना सोलापूरकरांना एक मोठा लाभ आहे, आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मधल्या स्थानकावर गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते, तेवढ्यात हमालांना ब्रेकव्हॅन उघडून सायकल चढवणे किंवा उतरवणे कठीण जाते आणि कधी कधी ती पुढच्या स्थानकापर्यंत निघून जाते. याउलट हुतात्मा एक्स्प्रेस सोलापूरहूनच सुटते आणि पुण्यातच संपते, सिद्धेश्वर एक्स्प्रेसही सोलापूरहून सुटून मुंबईला संपते, त्यामुळे दोन्ही टोकांना सायकल शांतपणे चढते आणि उतरते. दक्षिणेकडून येणाऱ्या गाडीत जागा मिळाली तरी सायकलीसाठी सोलापूरहून सुटणारी गाडीच निवडावी असे मी आग्रहाने सुचवीन. ठरवलेल्या दिवशी त्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये जागा आहे का, हे मात्र आदल्या दिवशी कार्यालयात जाऊन विचारावे.

नोंदणीपूर्वी घंटी, दिवा, पंप, बाटली आणि टोपली काढून स्वतःजवळ ठेवावी. पेडल आतल्या बाजूने उलटे लावता आले तर उत्तम, नाहीतर त्यांना गोणपाट गुंडाळावे. चेन आणि फ्रीव्हील यांवर जुने कापड बांधावे, म्हणजे इतरांचे सामानही खराब होणार नाही. सायकलीवर आपले नाव आणि उतरण्याचे स्थानक लिहिलेला जाड पुठ्ठा दोन ठिकाणी बांधावा आणि पावती हरवू नये म्हणून तिचे छायाचित्र काढून ठेवावे. चाकांतील थोडी हवा कमी करावी. उन्हाळ्यात ब्रेकव्हॅन तापते.

वंदे भारतविषयी : १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत ही सलग जोडलेल्या डब्यांची स्वयंचलित गाडी आहे आणि तिला सामानाची ब्रेकव्हॅन नाही, त्यामुळे साधी सायकल तीतून जाणार नाही. घडीच्या सायकलीचे उत्तर मोजपट्टीवर अवलंबून आहे. डब्यात नेण्याच्या ट्रंक किंवा पेटीसाठी १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर ही मर्यादा आहे आणि यातले एक जरी माप ओलांडले तरी ती वस्तू नोंदवावी लागते. वातानुकूलित तृतीय श्रेणीसाठी ही मापे आणखी लहान आहेत. वीस इंची चाकाची घडीची सायकल लांबी-रुंदीत अनेकदा बसते, पण जाडीत बसत नाही. म्हणून केवळ या प्रवासासाठी नवी घडीची सायकल घेऊ नये. जी सायकल आपण सोलापुरात रोज चालवता तीच नोंदवून न्यावी.

प्रश्न : माझे आजोबा बार्शी लाइटमध्ये नोकरीस होते. मी कुर्डुवाडीजवळ राहतो आणि रविवारी लांब सायकल चालवतो. त्या रेल्वेच्या खुणा आज सायकलवरून पाहता येतील का?
(एक वाचक, माढा तालुका)

उत्तर : हे पत्र वाचून मनापासून आनंद झाला, कारण सोलापूर जिल्ह्याचा रेल्वेच्या इतिहासात जो खरा मान आहे तो या छोट्या रेल्वेमुळे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५९ मध्ये कुर्डुवाडीला आणि १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला, तेव्हा कुर्डुवाडीच्या स्थानकाचे नावच ‘बार्शी रोड’ होते. बार्शी ही मोठी बाजारपेठ, पण ती मुख्य मार्गापासून दूर राहिली आणि तिचा कापूस व धान्य बैलगाड्यांनी स्थानकापर्यंत आणावे लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही अडचण ओळखली आणि १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. तिची एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात होती.

रुळांमधील अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणजे ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटरच्या निम्म्याहून कमी. तरीही कॅलथ्रॉपने ही रेल्वे स्वस्तातली आणि कामचलाऊ म्हणून बांधली नाही. इंजिन असो वा वाघिणी (मालडबे), एका आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडणार नाही असे त्याने ठरवले, त्यामुळे दर यार्ड (तीन फूट) लांबीला केवळ ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरले. आणि भार अनेक आसांवर वाटून घेणाऱ्या लांब बोगी-वाघिणी वापरल्यामुळे अरुंद मार्गावरूनही भरपूर माल वाहता आला. लीड्सच्या किटसन कंपनीची आठ जोडचाकांची इंजिने याच हिशेबाने घडवलेली होती. मोठमोठ्या रेल्वेंनी लहान मार्गांसाठी अभ्यासावा असा हा नमुना होता, आणि कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या १९०४ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेसाठी त्याचाच उपयोग केला. आषाढी-कार्तिकीला पंढरपुरी जाणाऱ्या वारकऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी रेल्वे पाहिली ती याच गाडीच्या रूपाने.

१९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने तिचे रूळ ब्रॉडगेज झाले. बहुतेक ठिकाणी नवा मार्ग जुन्याच पट्ट्यावर असल्यामुळे तेथे पाहण्यासारखे फार उरलेले नाही. परंतु जुनी गाडी धाराशिव शहराला न शिवता येडशीकडे जात असे आणि ब्रॉडगेज करताना मार्ग धाराशिववरून नेला गेला, त्यामुळे पांगरी ते येडशी या भागात जुना पट्टा नव्यापासून वेगळा पडला आहे. शोधण्याची रीत सांगतो. शेतातून जाणारा, एका संथ वळणाने वळत जाणारा मातीचा उंचवटा दिसला आणि ओढ्यापाशी घडीव दगडाची लहान मोरी दिसली, तर रस्त्यावरच सायकल उभी करून जवळच्या वस्तीवर चौकशी करावी. जमीन कोणाची आहे ते विचारल्याशिवाय आत पाऊल ठेवू नये. ज्येष्ठ मंडळींना गाडीची वेळ, थांब्याची जागा, पाण्याची टाकी कोठे होती हे नेमके आठवते.

आपल्याकडे तर याहूनही मोलाचे साधन घरातच आहे. आजोबांची सेवापुस्तिका, पास, फोटो, पगारपत्रके यांपैकी काही उरले असेल तर त्यांची छायाचित्रे काढून मागे तारीख आणि माणसांची नावे लिहून ठेवावीत. कुर्डुवाडीतील रेल्वे कारखाना आणि स्थानक यांत काम केलेली माणसे आता थकली आहेत, त्यांच्याशी बोलण्याचे काम पुढच्या रविवारवर ढकलू नये. होटगीचे मीटरगेज गेले तेव्हा फार थोड्यांनी काही लिहून ठेवले, ही हळहळ मला आजही वाटते.

प्रश्न : मी अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत सायकलने कामाला जातो. दर महिन्याला पंक्चर होते आणि हवाही आपोआप कमी होते. काय करावे?
(एक कामगार, सोलापूर)

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे दोष आहेत. हवा हळूहळू कमी होत असेल तर बहुधा ते पंक्चर नसते. साध्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक रबरी नळी असते, ती सोलापूरच्या उन्हाने कडक होऊन चिरते. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी किंवा साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर नळी बदलावी. ती अगदी स्वस्त असते, म्हणून एक-दोन नळ्या खिशातच ठेवाव्यात.

काट्यांचे कारण आपल्या माळरानात आहे. पावसाळ्यानंतर वाळलेले सराटे आणि वेड्या बाभळीचे काटे रस्त्याच्या कडेला साचतात, आणि सराट्याचे फळ कसेही पडले तरी त्याचा एक काटा वरच राहतो. म्हणून डांबराच्या अगदी कडेने न जाता हातभर आतून चालवावे, मात्र उसाच्या हंगामात जोड-ट्रॉल्यांपासून सावध राहावे आणि मागे लाल दिवा व रिफ्लेक्टर अवश्य लावावा. टायर आणि ट्यूबच्या मध्ये उभी कापलेली जुनी ट्यूब घालण्याची आपल्याकडची पद्धत आजही उपयोगी आहे, चाक थोडे जड होते एवढेच. सीलंट घातल्यास बारीक छिद्रे आपोआप बंद होतात, पण आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकते, त्यामुळे ते अधूनमधून नव्याने घालावे लागते. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याइतकी ठेवावी. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवून काटा खरोखर निघाला आहे का ते पाहावे, कारण तो आत राहिला तर नवी ट्यूबही दुसऱ्याच दिवशी फुटते.