कारंज्यात गोल फिरणारा एवढा जड ग्रॅनाइटचा गोळा पाण्यावर तरंगतो कसा? बडोद्यात आमच्या सोसायटीच्या बागेत बसवता येईल का?

खरं तर तो तरंगत नाही. ग्रॅनाइट पाण्याच्या सुमारे २.७ पट जड, हौदात टाकलात तर थेट तळाला. गोळा ज्या दगडी वाटीत बसतो तिची गोलाई तंतोतंत त्याच्याइतकी घासलेली असते. खालून पंपाने दाबलेलं पाणी कडेने निसटताना मिलिमीटरहूनही पातळ थर बनवतं आणि गोळा त्यावर उचलला जातो. १ मीटर व्यासाचा गोळा भरतो साधारण १,४०० किलो. पण वाटी ६० सेंटीमीटर रुंद असेल, तर हवेच्या दाबाच्या निम्मा दाब पुरतो! घर्षण जवळपास नसल्याने लहान मूलही तो फिरवतं, हे बघताना मला दर वेळी भारी वाटतं.

बसवा जरूर. फक्त बोअरचं क्षारयुक्त पाणी नको आणि फिल्टर हवाच. वाळूचा कण अडकला तरी गोळ्यावर ओरखडे पडतात.