गर्भपात आणि भ्रूणहत्या: एकच का?

जिल्हा पातळीवरच्या एका दैनिकात बातम्या लिहिणाऱ्या वाचकाचा प्रश्न आहे. बेकायदा केंद्रावर पडलेल्या छाप्याची बातमी त्यांनी 'अवैध गर्भपात' असा शब्द वापरून दिली. सकाळी छापून आलं 'भ्रुणहत्येचा अड्डा उद्ध्वस्त'. विचारल्यावर डेस्कवरून उत्तर मिळालं, 'दोन्ही एकच की!' तर हे दोन शब्द खरंच समानार्थी आहेत का, आणि 'भ्रुण' लिहायचं की 'भ्रूण', असं ते विचारतात.

समानार्थी नाहीत. आणि भ्रू दीर्घ, म्हणजे एका मथळ्यात दोन चुका झाल्या. दुसरी किरकोळ आहे, पहिली नाही.

'पात' म्हणजे पडणं. उल्कापात, हिमपात, तसा गर्भपात. या शब्दात पडणारा आहे, पाडणारा कोणी नाही. सुश्रुताने तर यातही पायऱ्या केल्या आहेत: चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो स्राव, आणि पुढे, शरीर घट्ट झाल्यावर, पाचव्या-सहाव्या महिन्यात गेला तर पात. म्हणजे मुळात हा वैद्याचा शब्द, आपोआप घडणाऱ्या गोष्टीसाठीचा. आज मराठीत आपोआप झालेला आणि मुद्दाम केलेला, दोन्ही गर्भपातच. फरक दाखवायचं काम आपण क्रियापदावर सोपवलं आहे, आणि मराठी क्रियापदं ते फार चोख करतात. 'तिचा गर्भपात झाला', 'तिने गर्भपात करून घेतला', 'सासरच्यांनी तिला गर्भपात करायला लावला'. नाम तेच, पण पहिल्या वाक्यात दुःख आहे, दुसऱ्यात निर्णय आणि तिसऱ्यात गुन्हा. बातमीत 'तिचा गर्भपात करण्यात आला' असं वाचलं की मी अडखळतो. कोणाच्या मर्जीने करण्यात आला? या कर्मणी प्रयोगाने नेमकी तीच गोष्ट गिळलेली असते.

कायद्याला मात्र ती गिळून चालत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१२ आणि ३१३ वेगळी होती ती संमतीवरून. बाईच्या संमतीविना गर्भपात घडवला तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत. संमतीने झाला तरी, तिचा जीव वाचवण्यासाठी नसेल, तर गुन्हाच, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईसुद्धा त्याच कलमात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, कलमांचे आकडे ८८ आणि ८९ झाले, आशय तोच राहिला. पण तिथेही हा गुन्हा खुनाच्या कलमात नाही, स्वतंत्र आहे. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा म्हणजे या गुन्ह्यातून काढलेली वाट: ठरावीक अटी पाळून नोंदणीकृत डॉक्टरने गर्भपात केला तर तो गुन्हा नाही. म्हणून आपल्याकडे 'गर्भपाताचा हक्क' असा शब्दप्रयोग करताना जरा जपून. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांपर्यंतची तरतूद लागू आहे असं सांगताना हक्काची भाषा वापरली, ते खरं. पण मूळ कायद्याचा सूर डॉक्टरला अभय देण्याचा आहे.

बायका आपसात काय म्हणतात तेही पाहा. 'दिवस टिकले नाहीत', 'तिसऱ्या महिन्यात गेलं', 'क्युरेटिंग करून घेतलं', 'पिशवी साफ केली'. 'गाभडली' हे गायीम्हशीसाठी, बाईबद्दल कोणी म्हटलं तर ते हिणवणंच. 'पोट पाडलं' म्हणताना आवाज खाली येतो, त्यात कुजबुज आणि बदनामी दोन्ही असतात. पण या सगळ्या यादीत 'हत्या' कुठे नाही.

हत्या आली ती धर्मशास्त्रातून. गंमत म्हणजे धर्मसूत्रांत 'भ्रूणहा' हा शब्द गर्भ मारणाऱ्याला लावतात तसाच वेद शिकलेल्या ब्राह्मणाचा घात करणाऱ्यालाही. म्हणजे हा शब्द वर्णनाचा नाही, महापातकाच्या यादीतला आहे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात तो प्रामुख्याने विधवांच्या कपाळी चिकटवला जाई. पुनर्विवाह बंद, दिवस गेले तर गर्भ पाडायचा नाहीतर जन्मलेलं मूल मारायचं, आणि पाप तिचं एकटीचं. १८६३ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात जे घर उघडलं त्याचं नाव बालहत्या प्रतिबंधक गृह. त्यांनी पापिणी शोधल्या नाहीत, बाळंतपणाला जागा दिली. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी एकूण स्त्रीजातीवर जी आग पाखडली, तिला ताराबाई शिंद्यांनी काय उत्तर दिलं ते मराठी वाचकाला सांगायला नको.

मग हाच शब्द बायकांच्या बाजूने लढणाऱ्यांच्या तोंडी कसा आला? १९८० च्या दशकात मुंबईतल्या स्त्रीसंघटना लढत होत्या तेव्हा शब्द होता 'गर्भजल परीक्षा', म्हणजे गर्भाभोवतालचं पाणी तपासून लिंग ओळखणं. रोख चाचणीवर होता. त्या रेट्याने १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. दोन्ही कायदे गर्भलिंगनिदानाला आवर घालणारे. पुढे सोनोग्राफी गावोगाव पोचली. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. हे आकडे पाहून कोणालाही जहाल शब्द हवासा वाटला असता. 'स्त्रीभ्रूणहत्या' रिक्षांवर आणि शाळेच्या भिंतींवर गेला, निबंधाचा विषय झाला.

कामापुरता तो प्रभावी होता, पण त्याने रोख हलवला. कायद्याच्या लेखी लिंगाची निवड हा गुन्हा, शब्दाच्या लेखी गर्भपात हाच गुन्हा. तालुक्याच्या एखाद्या प्रसूतिगृहात जाऊन पाहा. आत सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी: 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.' दाराशी दुसरी पाटी: 'शासनमान्य गर्भपात केंद्र'. आणि समोरच्या कुंपणावर रंगवलेलं: 'भ्रूणहत्या महापाप'. पहिल्या दोन पाट्या कायद्याच्या भाषेत आहेत आणि एकमेकींशी जुळतात. तिसरी मधल्या पाटीला खोटं पाडते. तिथे आठ आठवड्यांची, कायद्याच्या अटींत बसणारी बाई आली तर तिने कोणती पाटी खरी मानायची? २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीत बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला, त्या प्रकरणानंतर औषध दुकानांत गर्भपाताच्या गोळ्यांची झाडाझडती सुरू झाली आणि कितीतरी दुकानदारांनी कटकट नको म्हणून त्या ठेवणंच बंद केलं. वास्तविक त्या गोळ्या सुरुवातीच्या आठवड्यांसाठी, आणि सोनोग्राफीत लिंग दिसू लागतं साधारण तिसरा महिना उलटल्यावर. शिवाय वैद्यकाच्या काटेकोर भाषेत आठ आठवड्यांपर्यंत भ्रूण, पुढे गर्भ. म्हणजे लिंग दिसेपर्यंत तो 'भ्रूण' राहिलेलाच नसतो!

याच कारणाने मुंबईच्या 'सेहत'सारख्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्था 'गर्भलिंगनिवड' म्हणतात. शब्द रुक्ष आहे, घोषणेत बसत नाही, पण नेम बरोबर धरतो.

उलट बाजूही मांडतो. गर्भ म्हणजे माणूसच, त्याला मारणं ही हत्याच, असं प्रामाणिकपणे मानणारे लोक आहेत. त्यांनी लेखात, व्याख्यानात 'भ्रूणहत्या' म्हणावं, तो त्यांच्या मताचा शब्द आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये २६ आठवड्यांच्या गर्भाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हाही सारी ओढाताण हीच होती. आधी परवानगी मिळाली, मग दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि शेवटी तीन न्यायमूर्तींनी परवानगी नाकारली. त्या दिवसांच्या मराठी बातम्यांत कुठे 'गर्भ', कुठे 'बाळ', कुठे 'न जन्मलेलं मूल'. यातला शब्द निवडला की अर्धा निकाल लागलाच. म्हणून बातमी लिहिणाऱ्याने 'गर्भ' म्हणावं आणि थांबावं.

तुमच्या छाप्याच्या बातमीत लिंग तपासल्याचा आरोप असेल तर 'गर्भलिंगनिदान करून बेकायदा गर्भपात', नसेल तर नुसतं 'बेकायदा गर्भपात केंद्रावर छापा'. डेस्कवाल्यांना मथळा लांब वाटला तर 'अड्डा' आणि 'उद्ध्वस्त' काढायला सांगा, जागा आपोआप होईल.