‘जे’ आणि ‘क्यू’ दोन्ही असलेला आठ अक्षरी इंग्रजी शब्द कोणता?

प्रश्न: मुलीला शाळेत कोडं घातलंय. आठ अक्षरांचा इंग्रजी शब्द, त्यात जे आणि क्यू दोन्ही पाहिजेत, नुसतं एस लावून केलेलं अनेकवचन चालणार नाही. असा शब्द आहे का? आणि असले शब्द शोधायचे कसे?

उत्तर:

आहे, आणि बहुतेक तुमच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर घडी घालून ठेवलेला असेल. जकार्ड. स्पेलिंग असं: जे, ए, सी, क्यू, यू, ए, आर, डी. मोजा, बरोबर आठ. सोलापुरी चादरीवरची ती फुलं, मोर, नक्षी ज्या यंत्राने उठते त्याचं हे नाव. त्यावर विणलेल्या कापडालाही तेच नाव.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. वडील चादरीच्या कारखान्यात माग चालवायचे. त्यामुळे हा शब्द मी बाराखडीच्या आधी ऐकलेला, पण लिहिलेला कधी पाहिला नव्हता. बारावीच्या सुट्टीत त्याच कारखान्यात खोक्यांवर ब्रशने इंग्रजी नावं रंगवायचं काम मिळालं. मी ऐकला तसा लिहून मोकळा: जे, ए, के, ए, आर, डी. सहा अक्षरं. चाळीसेक खोकी रंगवून झाल्यावर माल बघायला आलेल्या व्यापाऱ्याने खिशातून पेन काढलं आणि एका खोक्यावर खरं स्पेलिंग लिहून दाखवलं. सगळी खोकी पुन्हा रंगवली. आमचे जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले आणि म्हणाले, “ह्यात क्यू कुठनं आला बे?”

क्यू आला फ्रान्समधून. जोसेफ मारी जकार नावाचा माणूस, लिओं शहरातला. रेशीम विणणाऱ्यांचं गाव ते. त्याने 1804च्या सुमारास हे यंत्र पक्कं केलं. त्याच्या आडनावाच्या शेवटी डी आहे, पण फ्रेंच लोक तो उच्चारत नाहीत. इंग्रजांनी स्पेलिंग होतं तसंच ठेवलं आणि डी मात्र खणखणीत म्हणू लागले. भोकांच्या कागदाने धागे निवडायची युक्ती त्याच्या आधीच्या फ्रेंच कारागिरांचीच, त्याने ती चालती केली.

यंत्र कसं चालतं हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, तुम्ही विचारलं नसलं तरी. मागाच्या वर जाड पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. पुठ्ठ्याला जिथे भोक असेल तिथे सुई आत जाते, तिचा हुक जागेवर राहतो आणि वर जाणाऱ्या पट्टीत अडकून ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हुक पट्टीवरून सुटतो, धागा खालीच. मग आडवा धागा घेऊन धोटा जातो. म्हणजे एक पुठ्ठा, बाण्याची (आडव्या धाग्याची) एक ओळ. एक पुठ्ठा मागेपुढे ओवला गेला की मोराच्या मानेला कुबड यायचं, आणि ते वडील लांबूनच ओळखायचे. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींवर सगळी नक्षी. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी हेच पुठ्ठे घ्यायचं ठरवलं होतं, ते यासाठीच.

असो. शोधायचे कसे?

आधी कागदावर. इंग्रजीत क्यूच्या मागे यू जवळपास ठरलेला, आणि यूनंतर बहुतेक वेळा स्वर येतो. जे बहुधा शब्दाच्या सुरुवातीला. म्हणजे जे, क्यू, यू आणि एक स्वर, चार अक्षरं बसली, उरली चार. क्यूच्या आधी सी लावून बघायला विसरू नका, फ्रेंचमधून आलेल्या शब्दांत ही जोडी वरचेवर भेटते. माझी खोकी त्या सीनेच बिघडवली.

नेटवर शब्द शोधून देणाऱ्या साइट आहेत, पण तिथे दोन वेगळी खाती असतात आणि मुलं नेमकी तिथेच गोंधळतात. ‘ही अक्षरं असलेले शब्द’ वेगळं आणि ‘फक्त याच अक्षरांतून बनणारे शब्द’ वेगळं. तुम्हाला पहिलं हवंय. लांबी आठ टाका, अक्षरं जे आणि क्यू टाका. जागा माहीत असेल तर माहीत नसलेल्या अक्षरांसाठी प्रश्नचिन्हं टाकतात, पण इथे तशी गरज नाही, हे शब्द आहेतच मोजके. यादीत जॉन्क्विल्स दिसेल. जॉन्क्विल म्हणजे नर्गिसच्या कुळातलं पिवळं फूल, सात अक्षरी. एस लावून आठ होतं, तेव्हा तुमच्या कोड्यातून बाद.

बाईंनी उद्या नऊ अक्षरी विचारला तर हाताशी दोन ठेवा. एक जॅकरी: जे, ए, सी, क्यू, यू, ई, आर, आय, ई. फ्रान्समधल्या शेतकऱ्यांच्या 1358च्या उठावावरून आलेला शब्द. दुसरा मला फार आवडतो, जेक्विरिटी: जे, ई, क्यू, यू, आय, आर, आय, टी, वाय. म्हणजे आपली गुंज! लाल, काळ्या ठिपक्याची, सोनाराच्या तराजूतली. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. (बी विषारी असते, मुलीला दाखवायला आणलीत तर तोंडात घालू देऊ नका.)

एक शंका शाळेत निघू शकते: हे तर माणसाचं नाव, विशेषनाम कसं चालेल? यंत्र आणि कापड या अर्थाने शब्दकोशात तो छोट्या जेने लिहितात, म्हणून चालतो. स्क्रॅबल या अक्षरं जुळवून शब्द करायच्या खेळातही चालतो. तिथे जेचे 8 गुण, क्यूचे 10, सगळ्या शब्दाचे 27. हातात सातच सोंगट्या असतात, त्यामुळे एक अक्षर पटावर आधीच पाहिजे. उरलेली सातही एका दमात लावली तर वर 50. मला आजवर एकदाही जमलेलं नाही. संपूर्ण संचात जे एकच आणि क्यूही एकच, दोन्ही एकाच्या हाती येणार कधी!

आणि मुलीला एक गंमत सांगा. इंग्रजीत आठ अक्षरं खाणारा हा शब्द मराठी शब्दकोड्यात तीन चौकोनांत बसतो: ज, का, र्ड. आमच्या सोलापूरचंही तसंच. मराठीत चार, इंग्रजीत आता सात, पण इंग्रजांच्या काळातल्या पाट्यांवर एसनंतर एच घालून लिहायचे, तेव्हा तेही आठच भरायचं.