आयरिश नाव, इंग्रज आत्या आणि साताऱ्याचे आजी-आजोबा

प्रश्न : आम्ही लीड्सला राहतो. सासूबाई आयर्लंडमधल्या गॉलवेच्या, सासरे इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे. बाळाचं नाव आयरिश ठेवायचं हे नक्की आहे; मुलगी झाली तर नीव्ह, मुलगा झाला तर टायग. पण नवऱ्याच्या इंग्रज आत्या म्हणतात, वाचता येईल असं काहीतरी ठेवा. काय करावं? स्पेलिंग सोपं करून घ्यावं का?

उत्तर : वाचायला अवघड नाव वेगळं आणि उच्चारायला अवघड नाव वेगळं. नीव्हचं स्पेलिंग एन-आय-ए-एम-एच. पहिल्यांदा पाहणारा 'नायम' म्हणणारच. पण एकदा कानावर पडलं की प्रश्न मिटतो, कारण यातले सगळे आवाज इंग्रजीत आहेतच. टी-ए-डी-एच-जी पाहून आत्या हात टेकतील, पण 'टायगर'मधला 'अर' सोडा म्हटलं की झालं. ईफा आणि शिव्हॉन याच जातीची. खरी कटकट डनख़ासारख्या नावाची. त्यातला घशातला ख़ लीड्सच्या तोंडात बसत नाही, त्याचा 'डॉन्का' होतो आणि तसाच राहतो. प्रत्येकाला एकदाच सांगावं लागेल असं नाव बिनधास्त ठेवा. जन्मभर दुरुस्त करत बसावं लागेल असं टाळा.

आत्यांना घरी शिकवायचे नियम मोजकेच आहेत. आयरिश स्पेलिंग दिसायला भयंकर, पण इंग्रजीपेक्षा कितीतरी नियमाला धरून चालतं. सी म्हणजे नेहमी क, म्हणून अभिनेता किलियन मर्फी, सिलियन नव्हे. एसच्या शेजारी आय किंवा ई आला की श, म्हणून शिनेड आणि रोशीन. बी-एच आणि एम-एच म्हणजे व किंवा व्ह. टी-एच म्हणजे ह, म्हणून सी-ए-टी-एच-ए-एल हा 'काहल', 'कॅथल' नाही. डी-एच आणि जी-एच शब्दाच्या मध्ये आले की बहुधा स्वतः गळतात आणि जाताना आधीचा स्वर बदलून जातात; टायगमध्ये तेच झालंय. इथे मराठी माणूसही फसतो. बी-एच दिसलं की आपण भ वाचतो आणि शिव्हॉनची 'सिओभान' करतो. साताऱ्याला मात्र नाव देवनागरीत लिहून पाठवा, काम झालं. ही सोय आत्यांना नाही.

र कडे लक्ष असू द्या. ऑर्ला हे इंग्लंडमध्ये सोपं म्हणून हमखास सुचवलं जातं आणि स्पेलिंगला खरंच सोपं आहे. पण इंग्लंडच्या बहुतेक भागात व्यंजनाआधीचा र उच्चारतच नाहीत. गॉलवेची आजी ठसठशीत ऑर्ला म्हणेल, आत्या 'ऑला' म्हणतील आणि आपल्या कानाला ते टॅक्सी बोलावल्यासारखं वाटेल. सर्शाचं तेच, शिवाय आयर्लंडमध्येच कुणी सर्शा म्हणतं, कुणी सीर्शा. क्वीव्हा आणि कीव्हा हाही प्रांताप्रांतातला फरक आहे, दोन्ही बरोबर. अशा नावाचा घरातला उच्चार सासूबाईंकडून ठरवून घ्या आणि सगळ्यांना तोच सांगा.

स्पेलिंग सोपं करण्याबद्दल : मेव्ह एम-ए-ई-व्ही-ई असं लिहिणं आयर्लंडमध्येही रुळलेलं आहे, खुशाल वापरा. नीव्ह मात्र एन-ई-व्ही-ई लिहू नका. कॅनेडियन अभिनेत्री नेव्ह कॅम्बेलचं स्पेलिंग तेच आणि उच्चार 'नेव्ह', म्हणजे इंग्रजही अडखळणार आणि गॉलवेत भुवया उंचावतील त्या वेगळ्याच.

ठरवण्याआधी चाचणी घ्या. आत्यांना उच्चार एकदा सांगा, आठवड्याने फोनवर बाळाच्या नावाबद्दल बोलतं करा आणि त्या स्वतःहून काय म्हणतात ते ऐका. पहिलं वाचन चुकलं तर सोडून द्या. आठवड्यानंतरचा उच्चार चुकला तर नाव बदलण्याचा विचार करा.

प्रश्न : स्वरावरची तिरपी रेघ, म्हणजे फाडा, कागदोपत्री ठेवावी का?

उत्तर : उच्चारासाठी ती हवीच. फाडा स्वर लांबवतो. पण पासपोर्टच्या खालच्या, यंत्राने वाचायच्या ओळींत फक्त ए ते झेड ही साधी अक्षरं, आकडे आणि रिकामी जागा भरायचं एक चिन्ह चालतं, त्यामुळे तिथे रेघ गळणारच. रेघेशिवाय नाव कसं दिसतं ते आधी लिहून पाहा. इंग्लंड-वेल्समध्ये जन्माची नोंद 42 दिवसांत करावी लागते. नोंद करताना सही करण्यापूर्वी मजकूर अक्षर न् अक्षर वाचा, कारण आय आणि ओ यांची अदलाबदल तिथेच होते. पहिलं नाव बदलावंसं वाटलं तर नोंदणीपासून 12 महिन्यांच्या आत तशी सोय आहे. सासूबाईंमुळे बाळासाठी आयरिश नागरिकत्वाचा अर्ज करणार असाल तर सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा.

प्रश्न : मराठी कानालाही बरी वाटतील अशी आयरिश नावं सांगाल का?

उत्तर : तारा. मीथ परगण्यातली ताराची टेकडी ही आयर्लंडच्या अधिराजांची (हाय किंग्जची) जुनी गादी. इंग्रज त याचा ट करतील, तेवढं चालवून घ्या. शीला : आयरिशमध्ये एस-आय-एल-ई, आयवर फाडा. इंग्रजांना एस-एच-ई-आय-एल-ए ओळखीचं आहे, म्हणून कुणीच अडखळत नाही. फक्त आयर्लंडमध्ये ते आजीच्या पिढीचं वाटतं आणि ऑस्ट्रेलियात 'शीला' म्हणजे बोलीत कुठलीही बाई, तेव्हा तिकडे नातेवाईक असतील तर विचार करा. मुलासाठी रोनन किंवा रोवन. रोनन म्हणजे छोटा सील. रोवन हे 'मिस्टर बीन'वाल्या रोवन ॲटकिन्सनमुळे इंग्रजांच्या जिभेवर आहेच आणि साताऱ्यात त्याचा रोहन झाला तरी कुणाचं बिघडत नाही. इंग्लंडमध्ये ते मुलींनाही ठेवतात, एवढं माहीत असू द्या.

ऊना गोड नाव, पण आपल्याकडे ते 'उणा' ऐकू येईल. कीव्हा म्हटलं की कीव आठवते. आणि ऑन्या ठेवलंत तर साताऱ्यात चार दिवसांत तिचा 'अन्या' होईल, मग गल्लीतला एखादा अनिल ओ देईल.