मुदतीची आठवण आपोआप जावी यासाठी

कामाची मुदत जवळ आली की संबंधितास आपोआप आठवण जावी, यासाठी आपण जिरामध्ये (कामांची नोंद व पाठपुरावा ठेवणाऱ्या संगणक प्रणालीत) वेळापत्रकावर चालणारा नियम लावणार आहात, ते योग्यच आहे. मात्र त्याआधी प्रत्येक कामाला मुदत आणि जबाबदार व्यक्ती नोंदवलेली आहे का, हे पाहून घ्यावे, कारण मुदतीचा रकाना रिकामा असलेले काम नियमाच्या शोधात सापडतच नाही आणि नेमकी अशीच कामे पुढे अंगाशी येतात.

पुढील दोन दिवसांत मुदत संपणारी अपूर्ण कामे रोज सकाळी शोधून संबंधितास ईमेल पाठवणे एवढा नियम सुरुवातीस पुरेसा आहे. मात्र शोधात सापडलेल्या प्रत्येक कामासाठी नियमातील कृती स्वतंत्रपणे होते, त्यामुळे एकाच्या नावावर सात कामे असल्यास त्याला सात पत्रे जातात, आणि आठवडाभरात तो ती न उघडताच बाजूला सारू लागतो. म्हणून प्रत्येकाची कामे आधी एकत्र गोळा करून एकाच पत्रात यादी देणे उत्तम. त्यात थोडी खटपट आहे, पण ती सार्थकी लागते.

वेळ ठरवताना टाइम झोन तपासावा. तो यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) राहिल्यास सकाळी 9 ची आठवण आपल्याकडे दुपारी 2.30 ला पोहोचते. शिवाय नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधील ग्राहक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असे नाही. त्यांच्या मंजुरीवर अडणाऱ्या कामांची आठवण एक दिवस आधी जाऊ द्यावी.

मुदत उलटल्यावरचे पत्र व्यवस्थापकांना लगेच पाठवू नये, असे माझे मत आहे.