बंद पडलेल्या प्रेसमधलं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवून देण्याचं, छोटं दुकान काढताय. बंद होणाऱ्या एका प्रेसमधला विंडोज एक्सपीवाला कॉम्प्युटर, पानं जुळवायच्या पेजमेकर ७ ची सीडी, डिझाइनच्या कोरल ड्रॉ एक्स४ चा बॉक्स आणि लॉकसकट (कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ते छोटं उपकरण) श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, असं सगळं १५ हजारांना मिळतंय, तर आज त्याचा उपयोग होईल का?

मी बेळगावात शहापूरला २२ वर्षं हेच काम करतोय. त्या प्रेसच्या जुन्या फाइली सोबत मिळत असतील तर घ्या. नुसत्या सीडी आणि बॉक्ससाठी एवढे पैसे घालू नका.

आपल्या धंद्यात काम फिरून फिरून तेच येतं. पतसंस्थेचा अहवाल, यात्रेचं हँडबिल, मंडळाची पावतीपुस्तकं. गिऱ्हाईक दारात येऊन म्हणतं, "गेल्या वर्षीचंच काढा, तारीख आणि नावं तेवढी बदला." ती गेल्या वर्षीची फाइल ज्याच्याकडं, त्याच्याकडं ते गिऱ्हाईक. आणि आपल्या भागातल्या प्रेसच्या जुन्या फाइली बहुतेक पेजमेकरमध्येच असतात. पेजमेकर ७ आला २००१ साली, त्यानंतर त्याची पुढची मोठी आवृत्ती निघालीच नाही. त्याच्या फाइली त्याच कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये, इनडिझाइनमध्ये, उघडायची सोय होती, पण ती २०१२ च्या सीएस६ पर्यंतच. पुढच्या आवृत्त्यांतून ती काढून टाकली. म्हणून जुना अहवाल उघडायचा तर जुना पेजमेकरच हाताशी लागतो.

फाइल उघडली तरी फॉन्ट नसेल तर सगळा मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. श्रीलिपीच्या त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तेव्हा या सौद्यात मोलाची वस्तू म्हणजे ते लॉक, फॉन्ट आणि फाइली. कोरलचा बॉक्स त्यानंतर. लॉक कसलं आहे तेही बघा. प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागणारं असेल तर नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. यूएसबीचं असलं तरी त्याचा जुना ड्रायव्हर ६४-बिट विंडोज घेईलच असं नाही. जुन्या सीडीवरचे कित्येक इन्स्टॉलर १६-बिटचे असतात, ते ६४-बिट विंडोजवर सुरूच होत नाहीत. म्हणून ते मशीन आहे तसंच ठेवा, फॉरमॅट मारायच्या भानगडीत पडू नका. एक्सपीला एप्रिल २०१४ पासून सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, तेव्हा त्याला नेट जोडू नका. हार्ड डिस्कची नक्कल मात्र पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

आता नवीन कामाचं. इथं सीमाभागात काम करणाऱ्याची गोष्ट कोल्हापूर-सांगलीवाल्यापेक्षा वेगळी आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं. म्हणजे एकाच फाइलीत मराठी, कन्नड आणि बहुतेक वेळा इंग्रजीही. कन्नडसाठी आपल्याकडं सर्रास नुडी हे टायपिंगचं सॉफ्टवेअर वापरतात, आणि नुडीचे जुने फॉन्टही इंग्रजीच्याच जागांवर बसलेले. एकदा घाईत मी अख्खा मजकूर सिलेक्ट करून श्रीलिपीचा फॉन्ट लावला. कन्नडच्या दोन ओळींचे अर्थहीन देवनागरी तुकडे झाले आणि फ्लेक्स तसाच छापून गेला. कन्नड वाचणारा माणूस प्रूफला बसवला नव्हता, ही माझी चूक. ते गिऱ्हाईक परत आलं नाही, आणि ते मला अजून लागतं.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र नंबर देणाऱ्या पद्धतीत, हा घोळ होत नाही, कारण तिथं मराठीचा क आणि कन्नडचा क यांचे नंबरच वेगळे. पण पेजमेकरला युनिकोड कळत नाही. म्हणून नव्या पाट्या आणि दोन भाषांतल्या पत्रिका त्यात करू नका. कोरल एक्स४ घेण्याआधी त्यात युनिकोडमधून 'दुर्मिळ', 'ऱ्हास', 'क्षत्रिय' टाइप करून बघा, कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहायचं अक्षर) खाली नीट बसतात का तेही बघा. अक्षर फुटलं तर त्याचा उपयोग जुन्या फाइली उघडण्यापुरता धरा. नव्या कामाला डिझाइनसाठी इंकस्केप आणि पानं जुळवायला स्क्रायबस १.६ फुकट आहेत, दोन्हींत आपली आणि कन्नडची जोडाक्षरं व्यवस्थित येतात. इंकस्केपचा रंग आरजीबी, म्हणजे स्क्रीनचा, तेव्हा ऑफसेटच्या प्लेटसाठी सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगांची) पीडीएफ स्क्रायबसमधून काढा. हात बसायला दोन महिने लागतील, ते लागू द्या.

पैसे देण्याआधी लायसन्सचं नक्की करा. मी एकदा फोटो एडिटिंगच्या एका पॅकेजचा जुना बॉक्स घेतला होता. सिरीयल नंबर खरा होता, पण विकणाऱ्यानं आपल्या मशीनवरून तो सोडवलाच (डीॲक्टिव्हेट केलाच) नव्हता, आणि मशीन तोवर भंगारात गेलेलं. पैसे बुडाले. लायसन्स तुमच्या नावावर होऊ शकतं का, हे आधी त्या त्या कंपनीला विचारा. बिल मागा. मूळ सीडीऐवजी "सगळं मशीनमध्ये टाकून देतो" म्हणणारा भेटला तर सरळ उठून या. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. नव्या दुकानाला तो पेलणार नाही.

प्रेसवाल्याकडं जाताना दोन-तीन तास हाताशी ठेवा. त्याच्याच मशीनवर पाच वर्षांपूर्वीचा एखादा अहवाल उघडायला सांगा, एक नाव बदला, प्रिंट काढा. फाइली कुठल्या गिऱ्हाइकांच्या आहेत त्याची यादी मागा, आणि त्यातली निपाणी, संकेश्वर, चिक्कोडीची किती, ते मोजा. दहा-पंधरा कायमची गिऱ्हाइकं निघाली तर १५ हजार जास्त नाहीत. त्यांच्याशी ओळख करून द्यायला प्रेसवाल्यालाच एकदा सोबत घेऊन जा.